दुसरा थकवा

चौकोन नखाएवढा, आणि त्यातली खूण त्याच्या बाहेर सांडलेली. पेनाचं टोक कागदात इतकं रुतलं होतं की मागच्या बाजूने बोट फिरवलं तर अजून उंचवटा लागत होता. वरच्या ओळीत विचारलं होतं : आमच्या अभ्यासाशी संबंध नसलेलं काही तुमच्या रक्तात आढळलं, तर ते तुम्हांला कळवावं का? हो. नको. थोरा फ्लेटने 'नको'वर खूण केली होती – ऑक्टोबरात, ग्रुनसे बेटावरच्या सभागृहात, एका हातात सूपचा वाडगा धरून – आणि आता जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, मोठ्या बेटावरच्या किर्कवॉल गावाला निघालेल्या सकाळच्या बोटीत, ती आपल्याकडे राहिलेली प्रत मांडीवर उघडून त्या खुणेकडे पाहत बसली होती. इतक्या जोराने का दाबलं असेल पेन? साधी खूण तर करायची होती. पण हात आपणहून दाबला गेला होता, दार ढकलून लावावं तसा.

खिडकीबाहेर अजून काळोख होता. बोटीत सातआठच माणसं, सगळी ओळखीची, म्हणून कुणी कुणाशी फारसं बोलत नव्हतं. धक्क्यावर तिचा नवरा एरलंड तिच्यासोबत यायला निघाला होता, अंगात कोटसुद्धा चढवून. तिनेच त्याला परत पाठवलं. वाईट ऐकायचं असलं तर एकटीनं ऐकावं, आणि घरी येईपर्यंत त्याचं काहीतरी सांगण्याजोगं करून आणावं, हे तिला बारा वर्षांत जमायला लागलं होतं.

बारा वर्षांपूर्वीही तिने एकटीनेच ऐकलं होतं. त्या वेळी ती बेटावरची टपालाची गाडी चालवायची, आणि एका सकाळी उजव्या डोळ्यासमोर वंगण फासल्यासारखं झालं. मग डावा पाय घसटत चालू लागला. अ‍ॅबर्डीनला मोठ्या डॉक्टरांनी नाव सांगितलं : मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एमएस. शरीरच आपल्या मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडतं, म्हणाले. तिला ते समजावून सांगायची गरज नव्हती. या बेटांवर हा आजार परका नाही, दोन घरं सोडून तिसऱ्या घरात त्याचं येणंजाणं असतं. तिची आत्या त्यानेच गेली, शाळेतल्या बाई त्यानेच चाकांच्या खुर्चीत बसल्या... ती फक्त एवढंच म्हणाली, अच्छा, म्हणजे आता माझी पाळी.

तेव्हापासून थोराने एक नेम केला होता. एक वाईट बातमी एका माणसाला पुरे. दुसरी दारावर आली तर दार उघडायचं नाही.

या अभ्यासात ती आली ती मेरनमुळे. मेरन तिची दोन वर्षांनी मोठी बहीण, किर्कवॉलच्या एका शाळेत स्वयंपाकघर सांभाळणारी. या बेटांवर हिवाळ्यात सूर्य जेमतेम तोंड दाखवतो, तेव्हा रक्तातलं ड जीवनसत्त्व किती उतरतं, त्याबरोबर वरखाली होणारी संप्रेरकं काय करतात, आणि एमएस झालेल्या माणसाचे आकडे त्याच्या निरोगी भावाबहिणीपेक्षा वेगळे असतात का, हे अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांना पाहायचं होतं. मेरनने दोघींची नावं परस्पर देऊन टाकली. वर म्हणाली, "त्यांच्या यादीत मी 'निरोगी बहीण' आहे. माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी लिहून दिलं नव्हतं."

ऑक्टोबरात दोघींनी शेजारी शेजारी बसून रक्त द्यायला बाह्या वर केल्या. दोन वर्षांत इतक्या जवळ बसण्याची ती पहिलीच वेळ.

आणि मग नवीन वर्षाच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. इंग्रिथ फोबिस्टरचा. इंग्रिथ त्या अभ्यासाची परिचारिका. पण थोराला ती आठवत होती ती सहा वर्षांची, टपालाच्या गाडीची वाट पाहत फाटकावर उभी राहणारी. मला पत्र आहे का, असं रोज विचारायची. सहा वर्षांच्या मुलीला कोण पत्र लिहिणार? थोरा तिला बियाण्यांच्या दुकानाचं जाहिरातीचं पत्रक द्यायची – हे बघ, हे खास तुला आलंय – आणि इंग्रिथ ते दोन्ही हातांनी छातीशी धरून घराकडे पळायची.

फोनवर तिने आधी हवेबद्दल विचारलं, एरलंडच्या खेकड्यांच्या जाळ्यांबद्दल विचारलं. मग म्हणाली, "थोरा, फॉर्मवर तू 'नको' म्हणाली आहेस. तो 'नको' अजून तसाच आहे का, एवढंच विचारायला फोन केलाय."

यापुढे एक शब्दही नाही. तिला सांगायची परवानगी नव्हती, आणि तिने सांगितलंही नाही. पण विचारलं! विचारणं म्हणजेच सांगणं, हे दोघींनाही कळत होतं. थोरा म्हणाली, बघते, कळवते. आणि तीन दिवस भांडी घासताना, शेगडीत पीटची, जळाऊ मातीची, ढेकळं टाकताना, आंघोळीच्या खुर्चीवर बसल्या बसल्या ती स्वतःशी यादी करत राहिली : कर्करोग, मूत्रपिंड, रक्ताचं काहीतरी. चौथ्या दिवशी तिने फोन करून 'हो' म्हटलं. धीर आला म्हणून नाही. आपल्या आतलं काहीतरी त्या फाटकावरच्या मुलीला ठाऊक आहे आणि आपल्याला नाही, हे तिला सोसेना, म्हणून.

बाहेर आता राखाडी उजेड फुटत होता. पाण्यावर एक सील डोकं काढून बोटीकडे बघत होता, म्हाताऱ्या शेजाऱ्यासारखा, कोण आलं कोण गेलं याची नोंद घेत. थोराने कागद घडी करून पिशवीत टाकला. एवढ्यानेही हात दमला. हा थकवा... त्याच्याबद्दल कुणाला काय सांगायचं? झोपेचा नव्हे तो. झोपून उठलं तरी जागचा हलायचा नाही. हाडांच्या आत कुणी ओली लोकर कोंबावी तसा. पाय घसटत होता तरी आठ वर्षं तिने गाडी चालवली होती, काठी शेजारच्या आसनावर ठेवून. पण चार वर्षांपूर्वी हा थकवा आला आणि गाडीची किल्ली परत करावी लागली. नावं विसरू लागली. सारखी तहान. दिवसभर तोंडाला पाण्याचा पेला. कारण नसताना डोळे भरून यायचे. एरलंडने न बोलता स्वयंपाक हातात घेतला. पहिल्या वर्षी त्याचा बटाट्या-सलगमाचा लगदा गिळवत नव्हता, आता तिच्यापेक्षा बरा करतो. बेटावर दर महिन्या-दोन महिन्यांनी नवा डॉक्टर यायचा, विचारायचा, कशा आहात. आणि तो पुढे काही विचारायच्या आत तीच म्हणायची, एमएस आहे ना, चालायचंच.

आणि त्यातच आईचा शेवटचा हिवाळा आला. आई किर्कवॉलला वृद्धांच्या घरात, शहाऐंशी वर्षांची, मेरन रोज शाळा सुटली की तिच्याजवळ. थोरा त्या हिवाळ्यात तीनदा गेली. तीनदा. बोट रोज होती. पण सकाळी उठून मोजे चढवेपर्यंत दिवसभराचं बळ संपून जायचं, आणि ती एरलंडला सांगायची, उद्या जाईन. तिसऱ्या वेळी ती गेली खरी, पण आईच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसल्या बसल्या तिला झोप लागली. जाग आली तेव्हा परतीच्या बोटीची वेळ झालेली, आणि तिच्या अंगावर आईची शाल. आई जागी होती. तिच्याकडे बघत होती. नंतर अकरा दिवसांनी गेली.

दफनानंतर, चर्चच्या मागच्या खोलीत कपबशा आवरताना, मेरन तिच्याकडे न बघता म्हणाली होती, "आजार तुझा आहे गं, पण पांघरायला तू आम्हां सगळ्यांना लावतेस." थोरा बशा पुसत राहिली. मेरनचं चुकलं असंही तिला वाटलं नव्हतं.

इस्पितळात इंग्रिथ दारापाशीच उभी होती. काठी धरलेल्या हाताखाली तिने आपला हात दिला. आतल्या खोलीत डॉक्टर लिंकलेटर बसल्या होत्या, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी उगाच वेळ काढला नाही. म्हणाल्या की कर्करोग नाही, आधी हे सांगून टाकते. मग एका कागदावर त्यांनी मान काढली, तिच्यात फुलपाखरासारखी थायरॉइड ग्रंथी, आणि तिच्या पाठीशी चार ठिपके. या चार ग्रंथी, पॅराथायरॉइड. प्रत्येक तांदळाच्या दाण्याएवढी. रक्तातलं कॅल्शियम सांभाळायचं, एवढंच त्यांचं काम. ड जीवनसत्त्व कमी पडलं की त्या जोर करतात, त्यांचं संप्रेरक वाढतं. हिवाळ्यात आपल्याकडे निम्म्या लोकांचं थोडंफार वाढतंच.

"मग माझंही वाढलं असेल," थोरा म्हणाली.

"वाढलं आहे. पण तुमचं कॅल्शियमही वाढलेलं आहे, आणि ते नुसत्या हिवाळ्यानं होत नाही. कॅल्शियम पुरेसं झालं की या ग्रंथींनी गप्प बसायचं असतं. तुमची एक गप्प बसत नाहीये. बहुतेक ती वाटाण्याएवढी फुगली आहे. म्हणूनच नुसता एक आकडा पाहिला असता तर कळलं नसतं. इंग्रिथनं दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिले."

इंग्रिथ खाली बघत होती. तिचं कामच ते, असं काहीतरी पुटपुटली.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारायला सुरुवात केली. तहान फार लागते का? पोट साफ होतं का? हाडं ठणकतात? शब्द आठवत नाहीत? मन उदास राहतं? एकेक प्रश्न आला आणि थोरा मान डोलावत गेली, आणि मान डोलावता डोलावता तिला वाटू लागलं की ही बाई गेली चार वर्षं आपल्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात बसून सगळं बघत होती की काय. शेवटी त्यांनी चष्मा डोळ्यांवर आणला.

"आणि थकवा?"



"थकवा एमएसचा आहे," थोरा म्हणाली.

"थोडा असेल. सगळा नसेल. चार वर्षांपूर्वी जो आला, तो बहुतेक याचा."

खोलीत गरम हवेचं यंत्र घुंऽऽ करत होतं. शस्त्रक्रिया लहान असते, मानेवर दोन बोटांएवढी चीर, दुसऱ्या दिवशी घरी, असं डॉक्टर सांगत होत्या. आधी अ‍ॅबर्डीनला ग्रंथीची नीट जागा पाहावी लागेल. त्यानंतर थकवा किती जाईल ते सांगता येत नाही. काही जण महिन्याभरात म्हणतात की जणू कुणी खिडकी उघडली, काहींना फारसा फरक पडत नाही. आणि हो, अभ्यासातून आता तुम्हांला वगळावं लागेल. तुमचे आकडे इतरांत मिसळता यायचे नाहीत, शिवाय अभ्यासात पुढे सगळ्यांना ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या द्यायच्या आहेत, त्या तुम्ही आम्ही सांगू तशाच घ्यायच्या.

गंमत म्हणजे थोराला पहिलं वाईट वाटलं ते याचं. वगळलं. तिला त्या अभ्यासात असणं आवडलं होतं. या आजाराचा कुणाला काही उपयोग होत असेल तर तो तिच्याकडूनही व्हावा, असं तिने त्या सूपच्या वाडग्यापाशी मनात म्हटलं होतं.

दाराशी इंग्रिथ म्हणाली, "त्या दिवशी फोन ठेवल्यावर मला रडू आलं होतं. वाटलं, तू 'नको'च म्हणशील, आणि मग मी हे पोटात घेऊन कुठे जाऊ?"

थोराने तिचा दंड धरला. आभार मानायला शब्द हवे होते, आणि शब्द तर त्या वाटाण्याने खाल्लेले. ती नुसती धरून उभी राहिली, शेवटी इंग्रिथनेच हसून तिची टोपी कानांवर ओढून दिली.

राग आला तो बाहेर, बंदराकडच्या उतारावर, तोही कुणा एकावर ठरेना. त्या येणाऱ्याजाणाऱ्या डॉक्टरांवर यावा, तर त्यांना बोलू कुठे दिलं मी? जे दुखेल, जे विसरेल, जे सांडेल ते सगळं मीच एका पोत्यात टाकत आले आणि पोत्यावर नाव लिहिलं एमएस. चार वर्षं त्या आजारावर आळ घेतला मी! त्याने पाय घेतला, डोळ्याची कडा घेतली, ते त्याचं. पण टपालाची गाडी त्याने घेतली नव्हती... आईचा हिवाळा त्याने घेतला नव्हता. रस्त्याच्या मधोमध, काठीवर रेलून, तिला एकदम हसू फुटलं : आपल्या आजाराची माफी मागायला निघालेली बाई! आणि त्या हसण्याचं दुसरं टोक इतकं कडू होतं की तिने भिंतीला हात टेकला.

मेरन बेकरीतल्या कोपऱ्यात दोन कप चहा आणि जवाच्या पोळीवर घरचं चीज घेऊन बसली होती. तिच्या ओठांना रंग नव्हता. तीही काहीतरी वाईटच ऐकायच्या तयारीने आलेली. थोराने सगळं सांगितलं, जसंच्या तसं, वाटाण्यापर्यंत. आईचं नाव काढायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण तोंडातून आपोआप निघालं.

"म्हणजे मेरन, ते बरं होण्यासारखं होतं. आई होती तेव्हासुद्धा. मी कुणाला विचारलं असतं तर... मी येऊ शकले असते."

आता ती बोलेल, थोराला वाटलं, आणि बोलू दे. मेरन चमचा चहात फिरवत राहिली, साखर केव्हाच विरघळली होती.

"मला वाटायचं तू नाटक करतेस," ती म्हणाली. "सगळं नाही. निम्मं. पायाचं खरं, आणि बाकीचं नाटक. इतकी वर्षं हेच धरून होते मी. तू तर दोन-दोन ओढत होतीस गं."



"त्या दिवशी मी आले तेव्हा तू खुर्चीत झोपली होतीस," मेरन पुढे म्हणाली, खिडकीबाहेर बघत. "मी तुला हलवून उठवणार होते. संतापले होते मी. आईनं मला हातानं थांबवलं. म्हणाली, तिला उठवू नको, ती लांबून आलीये. आणि मलाच शाल घालायला लावली. तू उठायच्या आत मी बाहेर पडले. तुला कधी सांगितलं नाही मी हे. सांगायचं नव्हतं."

शाल मेरनने घातली होती. दोन वर्षं थोरा ती शाल आठवून लाजत आली होती – मरायला टेकलेल्या आईने आपल्याला पांघरूण घालावं! – आणि घालणारे हात होते मेरनचे, संतापलेले, आईचं ऐकणारे. तिने त्या हातांकडे पाहिलं. शाळेतल्या गरम पाण्याने फुगलेली बोटं, नखाशी पिठाची रेघ. मेरनला असं पाहिलेलं कधीच चालायचं नाही. तिने लगेच पोळीचा तुकडा थोरापुढे सरकवला, खा म्हणाली, हाडकं झालीयेत नुसती, आणि माझ्या रक्तातही ऊन नाही म्हणे, निरोगी बहीण असून काय उपयोग. मग अ‍ॅबर्डीनला मीच येणार तुझ्याबरोबर, एरलंडला शहरातले रस्ते कळत नाहीत, असंही तिने ठरवून टाकलं. थोराने हो म्हटलं. पोळी संपवली. चवीला जरा जास्त मीठ होतं, आणि ते छान लागत होतं.

चारच्या बोटीत ती एकटीच वरच्या बाजूला बसली. सूर्य नुकताच पाण्याला टेकून गेला होता, आणि आकाशाचा खालचा काठ तेवढा जरा पिवळा राहिला होता. थकवा होताच. सकाळपेक्षा जास्तच, दिवस मोठा झाला होता. पण आता ती त्याच्याकडे निरखून बघू लागली – यातला किती एमएसचा, किती त्या वाटाण्याचा? मांडीतला जडपणा जुना वाटतो. डोळ्यांमागचा हा गाळ... हा नवा असेल का? हा जाईल का? जाणार नसेल तर? आणि गेला तर, तर मग काय काय करावं लागेल मला... उद्या जाईन असं म्हणायला मग काही निमित्त उरणार नाही.  बरं होण्याचीही भीती वाटते, हे एरलंडला सांगता येईल का? तो ऐकेल. मान हलवील आणि बटाटे सोलत राहील. चार वर्षं त्याने एकदाही विचारलं नव्हतं की हे संपणार कधी. त्याचे आभार मानायचे राहिलेच आहेत, तिला वाटलं, आणि मग त्यामागून एकेकाचे : 'नको'पाशी न थांबलेल्या त्या पोरीचे, परस्पर नाव देऊन टाकणाऱ्या मेरनचे, ती लांबून आलीये म्हणणाऱ्या आईचे. इतकी माणसं. आणि ती तर समजत होती की हे सगळं आपण एकटीने ओढलं.

बारा वर्षं रोज रात्री तिने एकच गोष्ट मनात धरली होती, उद्या मी कशी असेन ते माहीत नाही. आणि ते माहीत नसणं छातीवर धोंड ठेवल्यासारखं असायचं, कारण न माहीत असलेलं जे काही येईल ते घेऊन जायलाच येईल. आता बोट ग्रुनसेच्या वळणाला लागत होती, यंत्राचा आवाज उतरला होता, आणि तिने ते वाक्य सवयीने मनात उच्चारलं. उद्या कशी असेन, माहीत नाही. धोंड आली नाही. तिने जरा वाट पाहिली. मग तेच वाक्य पुन्हा, हळूच, एकदा म्हणून पाहिलं.